पाच वाटांचं शुद्धिपत्र

ता. ३ मार्च

चि. वटवटीस अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोन बिघडलाय. एक तर वाजत नाही, आणि मी लावला तर पलीकडचा माणूस तोंडात चूळ धरून बोलतो. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा यंत्रात दोष नाही म्हणाला. हल्ली कामचुकार फार. तुझ्या वहिनीची तब्येत छान आहे, पण ती पुटपुटायला लागली आहे.

बातमी अशी, की आमच्या पक्षीमंडळाने वाटानिवड उपसमिती नेमली आणि मला प्रमुख केलं. गावाबाहेरच्या पाच पायवाटांपैकी पक्षी बघण्याजोग्या कोणत्या, ते कळवायचं. उरलेल्या नगरपालिका मोटारी उभ्या करायला घेणार. पहिल्या सभेचे दोन तास तक्त्यात 'बाकडी' हा रकाना 'पक्षी'च्या आधी असावा की नंतर, यात गेले. आधी ठरला. एका सभासदाकडे हातभर लांब कॅमेरा आहे, त्यात आजवर फक्त सभासद आलेत.

तीन वाटा तपासल्या. तिन्हींसमोर 'चिडीचूप' असा शेरा मारला. जग बिघडत चाललंय, दुसरं काय. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, माझ्या हातून चूक सुटत नाही हे तू जाणतेसच.

पत्र लवकर टाक, आशीर्वाद आहेतच.
दादा

ता. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. उपसमितीचा प्रमुख झालास, आता घरात चहाही ठराव करून मिळत असेल. तुझ्या बिघडलेल्या फोनवर मी या आठवड्यात अकरा वेळा बोलले, वहिनीशी. मला तर तिचा शब्दन् शब्द कळला.

माझ्या वर्गात मागच्या बाकावरचं एखादं पोर 'बाई पुटपुटतात' म्हणालं, की मी स्पष्ट बोलायचा सराव करत नाही, त्याला पुढे आणून बसवते. हे आपलं सहज सांगितलं.

रविवारी येते. कालव्याची वाट माझ्यासाठी राखून ठेव. तिथेच वेतात बसलेला वटवट्या पक्षी दाखवून तू माझं नाव ठेवलंस, त्याला आता पन्नास वर्षं होतील.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती पातळ करू नकोस.
तुझी वटवटी

ता. १६ मार्च

चि. वटवटीस अनेक आशीर्वाद.

रविवारी आलीस, बरं वाटलं. मात्र चालताना सारखी माझी बाही ओढून वेताकडे बोट दाखवत होतीस आणि तूही पुटपुटत होतीस. आपल्या घराण्यातच आलेलं दिसतंय. वेत हलत होते खरे, पण वारा होता.

कालव्याच्या वाटेलाही 'चिडीचूप' दिलं. आमच्या अध्यक्षीणबाई म्हणतात की तिथे त्यांनी बारा प्रकारचे पक्षी ऐकले. मी पुरावा मागितला तेव्हा त्यांनी कानाकडे बोट दाखवलं. दातांच्या डॉक्टर आहेत, दिवसभर यंत्राच्या घरघरीत कान गेले असतील बिचारीचे. पाचवी वाट उद्या बघतो. शुक्रवारी अहवाल जाईल.

खुशाली कळवत जा, आशीर्वाद.
दादा

ता. १८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

समोर बोलायची छाती झाली नाही, म्हणून लिहिते. रागाव, पण पूर्ण वाच.

रविवारी वारा नव्हता. वटवट्या तुझ्यापासून हातभर अंतरावर शेपूट उभारून ओरडत होता, आणि तू त्याच्यासमोर उभा राहून 'चिडीचूप' लिहिलंस. मला रडू आलं, म्हणून मी चपलेचा पट्टा बांधायला वाकले. परत आल्यावर घरात फोन तीनदा वाजला. तू शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होतास.

पक्षी कुठे गेले नाहीत दादा. तुझे कान गेलेत. बारीक आवाज आधी जातात म्हणे, म्हणून पाखरं गेली, मग फोनची घंटी आणि वहिनी. शुक्रवारी तो कागद गेला, तर कालव्यावर डांबर पडेल आणि खाली सही तुझी असेल. तुझ्या हातून चूक सुटत नाही ना? मग ही पकड.

वहिनीने डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे. तिने तुला दोनदा सांगितलं होतं.

लोभ उरला तर कळव.
वटवटी

ता. २९ मार्च

चि. वटवटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस कोणाशी बोललो नाही. ते घरात कोणाच्या लक्षात आलं नाही, हेही वाईट वाटलं. मग गेलो. दोन्ही कानांत यंत्रं बसली. पहिल्या दिवशी आपल्याच चपलांचा आवाज ऐकून मागे कोण येतंय म्हणून वळून पाहिलं.

पाचही वाटा पुन्हा चाललो. कालव्यावर इतका गोंगाट होता की बाकड्यावर बसावं लागलं. तक्त्यात बाकडी आधी ठेवली हे बरंच झालं. अहवाल गेलेला होता, म्हणून नगरपालिकेला आणि मंडळाला पुरवणी पाठवली. त्यांनी ती स्वीकारली. प्रत सोबत आहे:

शुद्धिपत्र. पान १ ते ५, शेऱ्याचा रकाना.
अशुद्ध: चिडीचूप, पक्षी नाहीत.
शुद्ध: उपसमितीप्रमुखास कान नाहीत.

तुझी वहिनी पुटपुटत नाही. उलट फार स्पष्ट बोलते, आणि इतके दिवस काय काय बोलत होती तेही सांगते आहे.

फोन दुरुस्त झालाय. कोणी केला ते विचारू नकोस. रविवारी सकाळी कर, पहिल्या घंटीला उचलतो.
दादा