पाण्यात उतरलेली बस

आई, मागच्या रविवारी मी बाबांना घेऊन समुद्रात जाऊन आले. बोटीतून नाही, बसमधून. आता अशी एक बस निघाली आहे, रस्त्यावर चालते आणि तशीच पाण्यात उतरून तरंगते. तू असतीस तर म्हणाली असतीस, माणसांका दुसरी कामां नाय काय? पण तिकिटं तुझ्या लेकानं काढली होती. तो कॅनडाहून दोन्ही मुलांना घेऊन आला होता, थोड्या दिवसांसाठी, आणि बाबांना जरा बाहेर काढायचं हे तिकडूनच ठरवून आला होता. "ताई, तू त्यांना नुसतं कोंडून ठेवलंयस," आल्या आल्या म्हणाला. कोण कोंडलेलं आहे हे कळायला त्याची सुट्टी पुरली नसती.

तुला इथलं काही माहीत नाही. लालबागची आपली चाळ पाडली, तिथे टॉवर झाला, आणि आम्हाला खूप वरच्या मजल्यावर घर मिळालं. उजेड आहे, वारा आहे, न्हाणीघरात गरम पाणी आहे. पण दार लावलं की बाहेरचं माणूस संपतं. चाळीत बाबा भरकटून खाली गेले असते तर कुणीही हात धरून आणून सोडलं असतं. इथे ते लिफ्टमध्ये शिरतात, मिळेल त्या मजल्यावर उतरतात आणि परक्यांच्या दारावर बेल वाजवत उभे राहतात. म्हणून मी आतून कुलूप घालते आणि किल्ली गळ्यात ठेवते. नोकरी मी मुदतीआधीच सोडली. बी.ए. झाले तेव्हा तू मला ती निळी प्रवासाची बॅग घेऊन दिली होतीस ना, "खंय जावचा झाला तर असांदे" म्हणून, तिच्यात आता बाबांचे डायपर असतात.

त्यांना आजचं काही आठवत नाही, जुनं सगळं आठवतं. आणि ते मला तूच समजतात. "अगो, ऐकलंस?" अशी तुला मारायचे तशीच हाक मारतात. आधी मी सांगायचे, बाबा, मी तुमची मुलगी. मग ते घाबरायचे. ही पिकल्या केसांची बाई आपली मुलगी कशी, असं माझ्याकडे बघत राहायचे, आणि त्या रात्री जेवायचे नाहीत. आता मी सरळ "ओ" देते.

तर ती बस. पिवळीधमक, पुढून बदकासारखी चोच काढलेली. चढताना प्रत्येकाच्या गळ्यात एक प्लास्टिकची शिट्टी घातली, फुंकली की बदकासारखी क्वाक क्वाक वाजणारी. माईकवर एक चुणचुणीत मुलगी होती. "चला, सगळ्यांनी बेल्ट लावा! कारण ह्या बसला पोहता येतं, तुमचं मला माहीत नाही!" बस गिरगावातून फिरत निघाली तशी फुटपाथवरची माणसं थांबून बघायला लागली. ती मुलगी म्हणायची, "हात करा, हात करा, ते बिचारे चालत चाललेत!" आणि सगळे शिट्ट्या फुंकायचे. तुझा लेक मुलांसोबत पुढे बसला होता, मोबाईल वर धरून. मी मागे, खिडकीशी बाबा, आणि माझं मनगट त्यांच्या मुठीत. "काका, वाजवा की!" मुलगी म्हणाली, तशी बाबांनी खरंच शिट्टी वाजवली आणि हसले. कितीतरी दिवसांनी त्यांचे दात दिसले. सगळी बस टाळ्या वाजवते आहे, मीही वाजवायला जाते, पण मनगट सुटत नाही.

चौपाटीच्या अलीकडे एका उतारावरून बस पाण्यात घुसली. पोरं किंचाळली, पुढच्या काचेवर पाणी उडालं, आणि मग एकदम रस्त्याचा खडखडाट थांबून नुसतं डुलणं सुरू झालं. बस वळल्यावर समोर मुंबई दिसत होती, सगळी एका ओळीत, आपण तिच्यात राहतच नाही असं वाटावं इतकी निवांत. थोडं आत गेलो आणि इंजिन बंद पडलं. "घाबरू नका, बदक जरा दम खातंय!" मुलगी म्हणाली. लोक हसले. मग हसणं कमी झालं. फवारा आत येऊ नये म्हणून बाजूचे आरपार दिसणारे प्लास्टिकचे पडदे आधीच खाली सोडलेले, आत डिझेलचा वास आणि उकाडा. पाण्यात उतरण्याआधी घालायला दिलेल्या फुगीर लाइफ-जाकिटांमुळे कुणाला धड वळता येईना. माझ्या पोटावर बेल्ट, मनगटावर बाबा. आणि आई, मला अगदी ओळखीचं वाटलं ते. आपण रोज जिथे असतो तिथेच आहोत, फक्त आज तिकीट काढून आलोय.

परळच्या इस्पितळातला तुझा शेवटचा आठवडा तिथे का आठवावा? तुझा आवाज खोल गेला होता. मला जवळ बोलावून म्हणालीस, "बाबांकडे बघ गो बाय. तेंका साधी चाय पण करूक येणा नाय." एवढंच. माझ्याबद्दल काही म्हणाली नाहीस. तू गेल्यावर मी त्यांना चहा शिकवायला घेतला होता. त्यांनी पातेलं जाळलं, मी ओरडले, आणि पुन्हा त्यांना ओट्याजवळ येऊ दिलं नाही. तुझं वाक्य मी इतकं घट्ट धरून बसले, की त्या वर्षी एक चांगलं स्थळ आलं होतं तेही मीच नको म्हटलं. बाबांनी एकदाही आग्रह केला नाही.

बाबा अस्वस्थ झाले होते. पडदा ओढत होते. "अगो, पोरगी खंय?"

"कुठली पोरगी?"

"आपली! तिला घरी एकटी ठेवून आलीस? चल, उतर."

"आत्ता उतरता येत नाही. पाणी आहे."

"पोरगी रडत असेल," ते मोठ्याने म्हणाले. बेल्ट उपटायला लागले. पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. तुझा लेक लांबूनच ओरडला, "ताई, सांभाळ गं त्यांना!"

आणि मी तू होऊन बोलले. कसं सुचलं मला माहीत नाही. "पोरगी घरी नाही अहो. ती गेली. तिला नोकरी लागली ना, लांब. चांगली नोकरी आहे."

ते थांबले. "एकटी गेली?"

"एकटीच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे अगदी स्वच्छ होते. "बरं झालं," म्हणाले. "हिथे अडकली असती." मग माझं मनगट पुन्हा मुठीत घेतलं, मागे रेलले आणि समाधानानं म्हणाले, "आता तू आणि मी."

इंजिन चालू झालं. सगळ्यांनी शिट्ट्या फुंकल्या. मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि पडद्यातून पाणी उडालंय असं बाबांना सांगितलं.

किनाऱ्यावर उतरल्यावर तुझ्या लेकाला म्हटलं, "उद्या दिवसभर बाबांना तू बघ."

"उद्या? तुला कुठे जायचंय?"

"माहीत नाही."

"अगं, पण उद्या आम्ही..."

मी गळ्यातली किल्ली काढून त्याच्या हातात दिली. मुलांकडे बघत त्यानं ती खिशात टाकली.

सोमवारी सकाळीच बाहेर पडले. हिंदमाताला दुकानांतून साड्या उलगडून घेतल्या आणि एकही घेतली नाही. मग माहीमला जाऊन खाडीशी बसले. दर थोड्या वेळानं वाटायचं, त्यांनी गोळी घेतली असेल का. फोन केला नाही. संध्याकाळी परतले तर तुझ्या लेकानं दार उघडलं, शर्ट ओला, चेहरा उतरलेला. "ताई, तू रोज कसं करतेस गं हे?" म्हणाला. मला वाटलं होतं हे ऐकून बरं वाटेल.

आतून बाबांनी विचारलं, "कोण आलंय?"

"ताई आलीय, बाबा."

ते भिंत धरत बाहेर आले. मला बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "पोरी! इतक्या लांबून आलीस? कळवायचंस तरी! बस, बस. आई बाजारात गेलीय, येईल एवढ्यात." मला खुर्चीवर बसवलं. स्वतः आत जाऊन माझ्यासाठी ग्लासात पाणी आणलं, निम्मं वाटेत सांडलं. आई, माझ्याच घरात मी पाहुणी होऊन ते पाणी प्यायले. नोकरी कशी आहे, जेवायला नीट मिळतं ना, सगळं विचारलं. मग म्हणाले, "परत कधी जाणार?"

"दिवाळी झाली की," मी म्हटलं.

मंगळवारी सकाळी पुन्हा "अगो, चाय?" मी "ओ" दिली. तुझा लेक काल गेला, विमानतळावरून त्याचा फोनही आला. आता बाबा झोपलेत, दाराला कुलूप आहे, आणि मी स्वयंपाकघरात हे लिहीत बसले आहे. लिहून झालं की फाडून टाकीन, पाठवायला तुझा पत्ता कुठे आहे? पण एक गोष्ट मी तुझ्या लेकाला सांगितलेली नाही. दिवाळी झाली की, हे मी बाबांची समजूत काढायला म्हटलं की खरंच, ते माझं मलाच अजून कळलेलं नाही.