बॉथेल केंद्र, दुपारचे बारा

११ फेब्रुवारी २००७, रविवार

भिंतीपलीकडून धप्-धप्-टक्. आज तिसरा दिवस! शेवटी तक्रार करायला गेलोच. नवीन शेजारी जपानी. दार उघडल्या उघडल्या कमरेत वाकला. मग मलाही वाकावं लागलं. वाकलेल्या माणसावर ओरडता येत नाही, हे आज कळलं.

नाव तेत्सुया. सप्पोरोचा, पस्तिशीतला. बायको बायोटेक कंपनीत संशोधक. "आणि तुम्ही?" तर म्हणे, "बीट्स." म्हणजे दिवसभर घरी बसून जुन्या तबकड्यांचे तुकडे जोडतो! बायकोच्या व्हिसावर अमेरिकेत आलाय, स्वतःला नोकरीची परवानगी नाही. एच-फोर. नवरा असून एच-फोर!

सुवर्णाला हसत हसत सांगितलं. ती म्हणाली, "मग काय झालं? मीपण एच-फोरवरच आहे."

"तुझी गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी?"

चहा गार होत होता. विषय बदलला.

१३ फेब्रुवारी

अनन्याने नेटवर शोधलं. तेरा वर्षांच्या पोरीला सगळं सापडतं. "बाबा, ही इज, लाइक, अ लेजंड!" डीजे कोनबू म्हणतात म्हणे त्याला. किती मोठा? तर त्याच्या तबकड्या पाचशेच निघतात. सप्पोरो, पॅरिस, न्यूयॉर्कला विकल्या जातात, संपतात, पुन्हा काढत नाहीत. याला अंडरग्राउंड म्हणायचं. जितके कमी लोक ओळखतात तितका माणूस मोठा! या न्यायाने मी तबल्यात बराच मोठा आहे.

४ मार्च, रविवार

आज तेत्सुया माझा तबला रेकॉर्ड करायला आमच्याकडे माइक घेऊन आला. मी चाळीस मिनिटं वाजवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं, एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मला "गुरु-सान" म्हणतो! इथल्या बॉथेलच्या मराठी मंडळात नऊ वर्षं वाजवतोय, गुरू सोडा, कोणी गुरुनाथराव म्हणत नाही.

विचारलं, दुसऱ्याच्या तबकडीतला तुकडा उचलून आपला म्हणायचा, ही चोरी नाही का? म्हणाला, "नो. लोकांनी नीट ऐकलं नाही, ते पुन्हा ऐकवतो."

जाताना उगाच विचारत होता – तुमच्याकडे दुपारी बारा वाजता रेडिओ लागतो, ते कोणतं स्टेशन? लेडी अनाउन्सर. व्हेरी गुड टोन. म्हटलं, आमच्याकडे रेडिओच नाही. इंटरनेटवरचं काहीतरी असेल, काय गं? सुवर्णा तिथेच उभी होती. कप उचलून आत गेली.

५ मार्च

उजवा अंगठा दुखतोय. कलाकाराला चुकत नाही.

२२ मे, मंगळवार

ताप आला म्हणून दुपारीच घरी. तेत्सुया आमच्या स्वयंपाकघरात! कानाला हेडफोन, टेबलावर माइक, आणि समोर सुवर्णा ताठ बसलेली, नीटनेटकी साडी वगैरे. मंगळवारी साडी!

"काय चाललंय?"

"कुकरची शिट्टी रेकॉर्ड करतोय तो," ती म्हणाली.

गॅस बंद होता. पण मला शंभरच्या वर ताप, कोण वाद घालणार. एवढंच विचारलं, माझा तबला कुठवर आला? "स्लोली, गुरु-सान." मोठी कामं सावकाशच होतात.

१८ जुलै

ग्रीन कार्डाच्या अर्जाची खिडकी सरकारने उघडली, मिटली, पुन्हा उघडली. ऑफिसात कोड कोणी लिहीत नाही, सगळे अर्जासाठी फोटो काढायला आणि इंजेक्शन टोचून घ्यायला पळताहेत. अर्जाबरोबर बायकोलाही कामाचं कार्ड मिळतं.

"म्हणजे मला नोकरी करता येईल?" सुवर्णाने दोनदा विचारलं.

"येईल. पण करशील काय?"

लग्नाआधी नागपूरला रेडिओवर हंगामी बातम्या वाचायची. ते इथे काय कामाचं? हे मी प्रेमानेच म्हटलं.

१९ ऑगस्ट, रविवार

मंडळाची गणपतीची मीटिंग. अध्यक्ष मनोहरकाकांना यंदा काहीतरी इंटरनॅशनल हवंय, सिएटलच्या मुख्य मंडळाला दाखवून देण्यासाठी. मी तेत्सुयाचं नाव काढलं.

"शास्त्रीय आहे ना पण?" काका.

"जपानमध्ये त्यालाच शास्त्रीय म्हणतात," मी. देव क्षमा करो.

पोस्टर ठरलं – 'जपानचे थोर संगीतकार, तबलासाथ : गुरुनाथ बोकारे'. फक्त शेवट भैरवीने झाला पाहिजे, ही काकांची अट. तेत्सुयाला भैरवी समजावली. "हाऊ मेनी बीट्स पर मिनिट?" म्हणाला.

२२ सप्टेंबर, शनिवार

लिहायला मन होत नाहीये. तरी लिहितो.

शाळेचा हॉल. दुपारी चारला कार्यक्रम. तेत्सुयाने बूट न सांगता काढले, गणपतीपुढे पूर्ण वाकला, मोदक दोन हातांनी घेतला. काकांनी माइकवर सांगितलं, "बघा, जपान्यांकडून शिका." मी नवा झब्बा घालून तबला लावून तयार.

तेत्सुयाने दोन फिरत्या तबकड्यांवर हात ठेवला. ठक्. ठक्-ठक्. ठक्. ओळखीचा आवाज. चाळीस मिनिटांच्या माझ्या वादनातून त्याने एवढंच उचललं होतं – मी हातोडीने तबला लावत होतो, ते! मला इशाऱ्याने सांगितलं, थांबा.

मग बाईचा आवाज आला.

"नमस्कार. दुपारचे बारा वाजले आहेत. बॉथेल केंद्रावरून सुवर्णा बोकारे बातम्या देत आहे. आज सकाळपासून घरी कोणीही आलं नाही. पोस्टमन येऊन गेला, पत्र नव्हतं. श्रीयुत गुरुनाथ बोकारे ऑफिसात वेळेवर पोहोचले असावेत, असं विश्वसनीय सूत्रांकडून समजतं. कुमारी अनन्या हिने डबा नेण्यास आज पुन्हा नकार दिला. हवामान ढगाळ. उद्याही ढगाळ. बातम्या संपल्या."

आधी हॉल हसला. खूप हसला. मग 'आज सकाळपासून घरी कोणीही आलं नाही' हे वाक्य तेत्सुयाने परत फिरवलं. मग परत. आणि परत. ठक्-ठक्. तिसऱ्या वेळी हसणं थांबलं. बायकांच्या बाजूला कोणी हलत नव्हतं. मी व्यासपीठावर, झब्ब्यात, तबल्यावर हात ठेवून. वाजवायचं काही नाही आणि उठून जाताही येत नाही.

काका ताडकन उठले. "हे काय! घरातल्या गोष्टी मंडळाच्या स्टेजवर?"

त्यांच्या बायको मालिनीकाकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अहो, गप्प बसा. ऐकू द्या."

संपल्यावर काकूंनी तेत्सुयाला खुणेने सांगितलं – पुन्हा लाव.

भैरवी झाली नाही.

२३ सप्टेंबर

सकाळी विचारलं, "हे कधीपासून?"

"पाच वर्षं, सात महिने."

"रोज?"

"शनिवार-रविवार सोडून. तेव्हा तुम्ही घरी असता."

"मला सांगायचंस ना!"

"बातम्या सांगत फिरायच्या नसतात. ज्याला ऐकायच्यात तो रेडिओ लावतो." भाजी चिरणं थांबलं नाही. "तेत्सुयाने भिंतीपलीकडून ऐकलं आणि येऊन विचारलं, स्टेशन कोणतं. तुम्ही तर खोलीतच होतात."

२४ सप्टेंबर

आमटी नेहमीसारखी. तेच जास्त लागतं.

२६ सप्टेंबर

मनोहरकाकांचा फोन. आवाज पडलेला. काकू बारा वाजता घरात मोठ्याने बोलायला लागल्यात म्हणे. "तुझ्यामुळे!" म्हटलं, काका, काय म्हणतात ते तरी ऐका. ते म्हणाले, "ऐकलं. म्हणून तर फोन केला."

३० ऑक्टोबर, मंगळवार

तबकडी आली. पाचशे प्रती. सप्पोरो, पॅरिस, न्यूयॉर्क, नेहमीचा रस्ता. मागे माझं नाव छापलंय : 'हातोडी – गुरु-सान'. अनन्याने शाळेत नेऊन दाखवली. माझ्यासाठी नाही. "आय ॲम इन इट, बाबा! कुमारी अनन्या!" डबाही नेला.

आज पहिल्यांदा तबकडीच्या दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या. एकटाच होतो. कितीतरी दिवसांच्या बातम्या आहेत. एका ठिकाणी म्हणते, "श्रीयुत बोकारे काल आठ मिनिटं बोलले. विषय : पार्किंग." मला वाटलं होतं जास्त बोलतो.

१२ नोव्हेंबर

न्यूयॉर्कच्या कुणा डीजेने ती तबकडी न्यू जर्सीत एका कॉलेज रेडिओवर लावली. तिथल्याच पिस्कॅटवे गावातल्या एका आसावरी नावाच्या बाईने ती ऐकली, गाडी बाजूला घेऊन रडली, आणि स्टेशनला फोन करून विचारलं – या बॉथेल केंद्राचा नंबर काय? तेत्सुयाच्या मेलमधून हे आमच्यापर्यंत आलं. ही बाई तिकडच्या भारतीय लोकांच्या रेडिओवर काम करते.

२१ नोव्हेंबर

सुवर्णाचं कामाचं कार्ड आलं. फोटोत ती कोणावर तरी चिडलेली दिसते. माझ्यावरच असणार, फोटोच्या वेळी मीच घाई करत होतो.

१ डिसेंबर, शनिवार

आसावरीबाईंनी फोनवर आवाजाची परीक्षा घेतली. सुवर्णाने बेडरूमचं दार लावून घेतलं. मी बाहेर पुस्तकांवरची धूळ पुसली. एकच कप्पा, चार वेळा. बाहेर आली तेव्हा घामाघूम. मी पाणी दिलं. "बरं झालं का?" म्हटलं. "तुम्ही विचारताय?" म्हणाली, आणि खरंच नवल वाटल्यासारखी माझ्याकडे पाहत राहिली.

१५ डिसेंबर, शनिवार

सुवर्णाला न्यू जर्सीला बोलावलंय. सकाळच्या बातम्या, हिंदी आणि मराठी. दोन जानेवारीपासून. 'जाऊ का?' असं तिने विचारलं नाही. "तुम्ही येताय का?" असं विचारलं. विचार करून सांगतो म्हटलं. अनन्याने स्वतःची खोकी भरायला घेतलीत.