सदतिसावा दाता

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा आधी हे सांगते की जव्हारात आता माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. एसटी डेपोच्या मागे, पत्र्याचं. वसईत बारा वर्षं दुसऱ्यांच्या मशीनवर उभी राहिले आणि तिथलीच एक जुनी, संगणकावर चालणारी सीएनसी मिलिंग मशीन घेऊन वर आले. भागीदार तीच, जिला तुम्ही चुकून आयटीआयला आणलंत.

तो दिवस आम्ही दोघी अजून आठवतो. माझे वडील मला टर्नरच्या ट्रेडला पाठवायला तयार नव्हते, म्हणून तुम्ही सूर्यमाळला त्यांना समजवायला निघालात आणि जीपमधून एक पाडा आधीच उतरलात. तिथे एका भल्या माणसाला तुम्ही तासभर सांगत राहिलात की तुमची मुलगी हुशार आहे, तिचा हात स्थिर आहे. तो सगळं ऐकून घेतो, तुम्हाला नागलीची भाकरी वाढतो आणि शेवटी म्हणतो, "धाडतो ना गुरुजी. पण तिनं फारम कवा भरला?" मुलगी दहावी होऊन घरीच बसली होती. चूक लक्षात आली तरी तुम्ही ती कबूल केली नाहीत. दुसऱ्या दिवशी तिचा फॉर्म स्वतः भरलात आणि मगच आमच्या घरी आलात. तोवर बातमी आमच्या पाड्यावर पोचली होती. शेजारच्या पाड्याची पोरगी जाते म्हटल्यावर वडिलांना मागे राहणं जमेना. समजवायची वेळच आली नाही, तुम्ही नुसती दुसऱ्यांदा भाकरी खाल्लीत.

तर यंदा त्याच पाड्यांवरच्या पाण्याच्या पंपांसाठी पाईप जोडायचे गोल लोखंडी फ्लँज बनवायचं काम आम्हाला मिळालं. प्रत्येकात आठ भोकं, प्रत्येक भोकात आटे. उन्हाळ्याच्या आत पंप बसायला हवे होते. माझी आई अजून तिथेच राहते आणि फोनवर कशी आहेस विचारायच्या आधी फ्लँज झाले का विचारायची. हाताने आटे पाडून आमच्या दोघींची मनगटं सुजली. मशीनने पाडावेत तर आमच्या मशीनचा हत्यार फिरवणारा स्पिंडल पट्ट्यावर चालतो. मोटर किती फिरली ते मशीनला कळतं, पण मध्ये पट्टा, तो जोर आला की थोडा सरकतो. आटे पाडताना तर स्पिंडल नेमका किती फिरला त्याच मापाने खाली उतरायला हवा. म्हणून स्पिंडलची फेरी थेट मोजणारा एन्कोडर बसवायचा ठरलं. स्पिंडलच्या डोक्यावर त्यासाठीची दातेरी पुली होतीच, एन्कोडर मात्र आधीच्या मालकाने काढून घेतला होता. तितक्याच दात्यांची दुसरी पुली आणायची, एन्कोडरला लावायची, मध्ये बारीक दातेरी पट्टा. स्पिंडलचा एक फेरा, एन्कोडरचा एक फेरा.

मी स्टुलावर चढून दाते मोजले. सदतीस. वसईच्या पुलीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, ताई, सदतीस कोणी ठेवत नाही, छत्तीस असतील, एकदा पुन्हा बघा. मी त्याला ऐकवलं की मी आयटीआय करून बारा वर्षं मशीनवर काढली आहेत, मला दाते मोजता येतात. बिचाऱ्याने सदतीसची मुद्दाम कापून दिली.

एन्कोडर बसला. पट्टी कापून ब्रॅकेट केलं, तारा जोडल्या, नारळ फोडला. पहिल्याच भोकात आटे पाडायचा टॅप मोडला. दुसऱ्यातही मोडला. मग स्पिंडलला एकाच जागी थांबायला सांगून पाहिलं, तर तो दर वेळी नवीनच दिशेला तोंड करून थांबे. भागीदार म्हणाली, "याला पाहुणचाराला बरीच घरं दिसतात." मी तारा तपासल्या, ब्रॅकेट काढून पुन्हा बसवलं, वसईच्या एका मेकॅनिकला फोनवर तास तास विचारलं. त्याने कार्ड बदला म्हणून सांगितलं. पाच दिवस असे गेले. आईने फोन करणं थांबवलं, तेव्हा मी खरी घाबरले.

सहाव्या दिवशी भागीदार नेलपॉलिशची बाटली घेऊन आली, स्टुलावर चढली आणि एका दात्याला लाल ठिपका दिला. मी खालून विचारलं, काय करतेस? ती मोजत राहिली. खाली उतरली आणि शांतपणे म्हणाली, "छत्तीस. तू पहिला दाता शेवटी पुन्हा मोजलास. सर तुला यावरूनच ओरडले होते."

ओरडला होतात, खरंच. गिअर हातात देऊन तुम्ही विचारलंत आणि मी बत्तीसच्या जागी तेहतीस सांगितले. सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "पहिल्याला खूण कर, मग मोज. निघालीस कुठून तेच विसरतेस तू." मला तेव्हा फार लागलं होतं. पाडा चुकणाऱ्या माणसाने हे म्हणावं, असं मी मागच्या बाकावर बसून पुटपुटले होते.

सदतीस दात्यांमुळे एन्कोडर स्पिंडलच्या दर फेऱ्याला एका दात्याने मागे पडत होता. छत्तीसची पुली आली आणि तासाभरात लागली. स्पिंडल दर वेळी तिथेच थांबू लागला. पहिल्या भोकातून टॅप सरळ वर आला तेव्हा तिने बोल्ट फिरवून पाहिला. तो बोटांनी शेवटपर्यंत गेला. फ्लँज वेळेत गेले. आईच्या पाड्यावर पंप सुरू झाला त्या दिवशी तिने मला पाणी पाजलं आणि गोड आहे की नाही ते तीनदा विचारलं.

हे सगळं तुम्हाला सांगता येतं, कारण तुम्ही उत्तर देणार नाही आणि हे पत्र मी कुठे टाकणारही नाही. पण एक राहिलं. ती दुसरी पुली मागवताना मी पुलीवाल्याला फोन केला आणि चांगलंच झापलं. म्हटलं, मी छत्तीस सांगितले होते, तुम्ही सदतीस कसे कापलेत? तो म्हणाला, "माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल ताई." संध्याकाळच्या गाडीने त्याने बदलून पाठवलीसुद्धा. सर, त्याचा नंबर माझ्याकडे आहे. अजून लावलेला नाही.