आधी कुपात, मग लेपेत

२ मार्च, सोमवार

पाठवली एकदाची ई-मेल! दहा-बारा दिवस झाले, रोज पहाटे साडेचारला भिंतीपलीकडे ठक-ठक-ठक. एवढ्या पहाटे काय कुटते ही बाई? तीन युनिट्सची ओळ, मधल्या भिंती पुठ्ठ्याच्या. घरं भाड्याने देणाऱ्या एजन्सीला लिहिलं — शेजारणीला समज द्या, माझं नाव मात्र सांगू नका.

विवेक असता तर म्हणाला असता, "अगं, दार वाजवून सांग की. चार पावलं आहेत." असता तर ना! दोन वर्षं झाली त्याला जाऊन. आणि त्याच्या घोरण्यात मला कशी गाढ झोप लागायची, कोण जाणे.

५ मार्च

आवाज बंद! जिंकले.

१० मार्च, मंगळवार

शांतता आहे, आणि साडेचारला जाग येतेच. पडून ऐकत राहते. काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

आज दिवसभरात फक्त डेअरीवाल्याशी बोलले. "दूध. थँक्यू." झालं.

१९ मार्च, गुरुवार — पाडवा

मॉपच्या दांड्याला नारायणपेठ नेसवली, विवेकचा तांब्या उपडा घातला. कडुनिंब इथे परदेशात, हॉर्नबीत कुठला! कढीपत्ता बांधला. श्रियाला फोटो पाठवला, लेकीचं उत्तर आलं — "प्रिटी, आई! इन अ मीटिंग."

तेवढ्यात कुंपणावरून आवाज. "किती सुंदर! हे काय आहे?" तीच, भिंतीपलीकडची. डोक्याला रुमाल, माझ्याच वयाची. नाव सुमियाती, मूळची जावाची. मॉलमध्ये सफाईचं काम करते. नवरा गेला, इथल्याच कबरस्तानात आहे. चौदा महिने शेजारी राहतो आहोत, आणि नाव आज कळलं! तासभर बोललो. सणावारी रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून वाटीत श्रीखंड दिलं. दुपारचे बारा, आणि बाईचा रोजा! तिने दोन्ही हातांनी वाटी घेतली. म्हणाली, "आज संध्याकाळी यानेच सोडीन."

मग लख्ख ट्यूब पेटली. पहाटेचं कुटणं रोज्याआधीच्या जेवणासाठी होतं. कानशिलं अशी तापली! इतक्या वर्षांत तासभर बोलणारं एक माणूस मिळालं, ते नेमकं हेच.

२१ मार्च, शनिवार

तिची ईद. सकाळीच डबा घेऊन दारात. मी मांस खात नाही हे लक्षात ठेवून नारळाच्या रश्शात कोंबडीऐवजी टोफू आणि बटाटे घातलेले. कोण लक्षात ठेवतं हल्ली?

बरोबर पात्यांचा विणलेला चौकोनी खोका, तळहाताएवढा. हे कुपात. तिकडे नारळाच्या कोवळ्या पात्यांचं विणतात आणि आत भात शिजवतात. इथे ती पाती नाहीत, म्हणून रस्त्याकडेच्या हाराकेके नावाच्या झुडपाच्या पात्यांचं नुसतं शोभेला विणलेलं. खायचा भात केळीच्या पानात. तिने समजावलं — या विणीसारखे आपण माणसं एकमेकांत चुकांनी गुंतलेलो असतो. कापलं की आत पांढरा भात. चूक कबूल केल्यावर मन तसं होतं. म्हणून या दिवशी एकमेकांच्या घरी जाऊन माफी मागायची.

दुसरी पुरचुंडी केळीच्या पानाची, बोटाएवढी लांब, दोऱ्याने करकचून बांधलेली. लेपेत. चिकट भात, खोबरं. माफी झाली की ती गोष्ट अशी बांधून टाकायची, पुन्हा सोडायची नाही. आधी कुपात, मग लेपेत.

आणि मग तिने माझ्यापुढे हात जोडले. "तुमची झोप मोडली असेल तर मला माफ करा. एजन्सीचं पत्र आलं तेव्हा कळलं, भिंतीतून आवाज जातो."

हीच वेळ होती. तक्रार कुणाची, हे तिने विचारलं नाही. तिच्या पलीकडच्या युनिटमध्ये एक खडूस गोरा म्हातारा आहे. तिचा संशय त्याच्यावर जावा, असं मनात आलं. आलं, खरंच! लाज वाटते लिहायला. आणि तोंडाने काय म्हणाले? "नो वरीज!"

ती गेल्यावर लेपेत आधी खाल्लं. गोड होतं.

२२ मार्च, रविवार

श्रियाचा फोन. सगळं सांगितलं. "जस्ट टेल हर, आई. इट्स नॉट अ बिग डील." तिला काय जातंय म्हणायला! ऑफिसात चाळीस माणसं, घरी नवरा. माझ्या दारावर थाप मारणारी ही एकच. सांगितलं आणि तीही तुटली तर?

डबा घासून ओट्यावर ठेवलाय. रिकामा परत द्यायची आपली पद्धत नाही. आत काय घालू?

२८ मार्च, शनिवार

करंज्या करून डब्यात भरल्या. बाहेरही पडले. तिच्या दारासमोर वाक्य तयार होतं — "ती तक्रार मी केली होती." एवढंच.

आत खोकी भरलेली! एजन्सी तिचा भाडेकरार वाढवत नाहीये. कारण दिलेलं नाही. ऑकलंडकडे पापाटोएटोला बहीण आहे, तिच्याकडे जाणार.

करंजी खात सांगत होती, गावाकडे रमजानात पहाटे लोक लाकूड बडवत गल्लीतून जातात, सगळ्यांना उठवायला. "नवरा होता तोवर तो उठवायचा. आता कोणी नाही. म्हणून मी कुटायचेच जरा जोरात. वाटायचं, कुणीतरी ऐकतंय."

मी ऐकत होते गं! हे तरी म्हणायचं. त्याऐवजी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळू लागले.

३० मार्च

एजन्सीला लिहिलं — तक्रार मागे घेते, बाई फार चांगल्या आहेत, राहू द्या. उत्तर एका शब्दाचं. "नोटेड."

११ एप्रिल, शनिवार

गेली. टॅक्सीत बसण्याआधी मिठी मारली. बुटकी आहे, डोकं माझ्या खांद्याशी. तेव्हाही तोंड उघडलं नाही मी. भित्री कुठली! डबा पुन्हा माझ्या हातात. "ऑकलंडला याल तेव्हा परत द्या." आत एक लेपेत आहे, म्हणाली. उद्या चहाबरोबर खाईन.

१२ एप्रिल, रविवार

साडेचारला जाग. लाटणं घेऊन भिंतीवर तीनदा ठोकलं. पलीकडे कुणी नाही, माहीत होतं. तरी थांबले.

दुपारी, चार वाजता

लेपेत सोडलं. तीन गाठी होत्या. आत भात नव्हता. एजन्सीने तिला पाठवलेलं पत्र होतं, घडी घालून. खाली माझी ई-मेल जशीच्या तशी छापलेली, नावासकट. तारीख ३ मार्च.

म्हणजे पाडव्याला श्रीखंड घेतलं तेव्हाही तिला माहीत होतं. हात जोडले तेव्हाही.

पुन्हा पानात बांधून ठेवलं. तिच्याइतकी घट्ट गाठ बसत नाही.