पलंगाखालचे पार्ट

अहो रायपूरवाले,

तुमच्या आजोबांची फियाट आज विकली. लग्न झालं तेव्हा तुमीच म्हटलं होतं, "गाडी विकली का तुले रायपूरले नेतो. तोवर घरी कोणी पाहिजे, नाही तर भंगारवाले पार्ट उचलून नेतीन." म्हणून धानाच्या पोत्यांत भरलेले तिचे पार्ट माझ्या पलंगाखाली राहिले आणि मी त्यांच्यावर झोपत राहिली. केसांना ग्रीसचा वास येते. पण इथं वास घेणारं आहे कोण?

गाडी घेणारा भला माणूस होता. गंजलेल्या बोनेटवरून हात फिरवत म्हणाला, "भाभी, अच्छा किया जो रंग नहीं लगवाया." सगळी पोती मीच ओढून काढली, एक नटही मागे ठेवला नाही. माझी बॅग सकाळीच भरली होती.

ट्रक फुलचूर नाक्यावरून वळला आणि तुमचे बाबा रिकाम्या शेडमध्ये खुंटे ठोकायला बसले. मी विचारलं, "मामाजी, हे काय करून राहिले?"

"दोन म्हशी आणतो. दुर्गेशनंच फोनवर सांगतलं. रेणू तं घरीच राह्यते."

तुमाले फोन लावणार होती. पण कायले? तुमी गोड बोलाल आणि मी पुन्हा हो म्हणीन. म्हणून लिहून राहिली, आणि हेही पाठवणार नाही.

गाडी घेणारा रायपूरचाच आहे. संध्याकाळपर्यंत ती तुमच्या शहरात पोहोचेल, पोत्यांसकट. माझ्या पलंगाखाली आता खूप जागा झाली. भरलेली बॅग तिथंच सरकवून दिली.

घरीच राहणारी,
रेणू