नदीकाठचं नागरिकत्व

४ जानेवारी, रविवार
निवडून आले! सी बिल्डिंगची खासदार. समोर कुणी उभंच नव्हतं, तरी रीतसर मतदान झालं, बोटांना शाईही लावली. प्र. म्हणतो, "आता नवऱ्याने पण मॅडम म्हणायचं का?" म्हटलं, आधी भांडी घास.

शपथ जोशी सरांनी दिली. हा देश त्यांचाच. पुराच्या साली आम्ही सगळे गच्चीवर अडकलो होतो, खाली उल्हास नदी पहिल्या मजल्यापर्यंत, आणि विचारायला कुणी येईना. पोरं रडायला लागली तसा सरांनी (आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस) खडूने गच्चीवर नकाशा काढला. नदीकाठ सोसायटीचा 'नदीकाठ देश'. कुणाची तरी निळी ओढणी झेंडा झाली. पाणी ओसरलं, देश राहिला. पोरांचे पासपोर्ट, संसद, राष्ट्रीय मिसळ. फाटकाबाहेर, बेलवली गावात, आमच्यावर हसतात. हसोत.

यंदा सर गुडघ्यांमुळे बाजूला झाले. राष्ट्राध्यक्ष मोकाशी, ए बिल्डिंगचे. आनंदनगर एमआयडीसीतल्या कंपन्यांना वॉचमन पुरवतात. बिनविरोध.

११ जाने.
मोकाशी कामाचा माणूस, मानलं. बंद लिफ्ट सुरू. कचरा वेळेवर. जिन्यात दिवे. आमच्या मजल्यावर सगळे खूश, मीसुद्धा.

फाटकाला आता 'सीमा' म्हणायचं. त्यांच्या एजन्सीची चार नवी माणसं, काळा गणवेश. रहिवाशांना कार्ड, मशीनला लावलं की हिरवा दिवा. बाहेरच्यांना पास. कमळाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "तुमचे देशान पोल्या लाटाला पन पास लागतं व?" खूप हसलो दोघी.

१८ जाने.
संसद, क्लबहाऊसमध्ये. ठराव: मालक तो नागरिक, भाडेकरू तो पाहुणा. पाहुण्याला मत नाही.
मी उठले. म्हटलं, सरांनी नियम केला होता की जो इथे राहतो तो इथला. मोकाशी गोड हसले. "वहिनी, तेव्हा खेळ होता. आता लोक आपल्याकडे सीरियसली बघतात."
सर पहिल्या रांगेत. काठीच्या मुठीकडे बघत बसले.
आवाजी मतदान. माझा आवाज कुठे ऐकूच आला नाही.

घरी येऊन लखवानी अंकलना सांगितलं. आमच्या वरच्याच मजल्यावर भाड्याने आहेत, बायको गेल्यावर उल्हासनगर कॅम्प सोडून इथे आले. सई भाजी, म्हणजे सिंध्यांची पालक-डाळ, करायला मला त्यांनीच शिकवली. म्हणाले, "अरे बेटी, मत गया तो गया. चहा पाज."

२६ जाने.
तिरंगा लावला, राष्ट्रगीत झालं. मग निळा झेंडा. मग काळ्या गणवेशातली माणसं ओळीत आली आणि त्यांनी सलामी दिली. झेंड्याला नाही. मोकाशींना.
टाळ्या वाजल्या. मुग्धा कानात म्हणाली, "मम्मी, धिस इज नॉट फनी." माझे हातही टाळीसाठी अर्धे वर आले होते.

१ फेब्रु.
नदीकडची पायवाट पत्रे ठोकून बंद. ती वाट सोसायटीची नाही, गावाची आहे, आमच्या आधीपासूनची. "सुरक्षेसाठी."
अंकल रोज सकाळी त्या वाटेने जायचे, बायकोच्या नावाने माशांना कणकेच्या गोळ्या टाकायला. आज पत्र्यापाशी उभे होते, हातात कणकेची वाटी. मला म्हणाले, "मछली को थोडी पता आहे, कोणाची बॉर्डर."

५ फेब्रु.
अंकलनी नगरपालिकेत अर्ज दिला, की सार्वजनिक वाट खुली करा. साधा अर्ज. संध्याकाळपर्यंत मोकाशींना कळलं. कसं, ते
असो.
ग्रुपवर मेसेज: "परक्या सरकारकडे तक्रार. रविवारी सुनावणी." खाली अंगठ्यांची रांग. डॉक्टरीणबाई, बँकेतले पाटील, आमचे शेजारी सावंतसुद्धा.
प्र.ला विचारलं, परकं सरकार म्हणजे कुठलं? तो म्हणाला, "आपलंच."

८ फेब्रु., रविवार
क्लबहाऊसमध्ये सुनावणी झाली.
अंकलना मध्यभागी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते, लग्नाला आल्यासारखे. मोकाशी आवाज न चढवता बोलत होते.
"काका, तुम्ही आमचे पाहुणे. पाहुण्याने घरातलं बाहेर न्यायचं का?"
"साईं, मी घरातलं नाही नेलं. रस्त्याचं नेलं."
कुणीतरी हसलं. मोकाशींनी वळून त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली.

शिक्षा: महिन्याच्या आत जागा सोडायची. तोवर कार्ड बंद, पाणी बंद, कुणी बोलायचं नाही. मी म्हटलं, बाहेर याला बहिष्कार म्हणतात आणि तो गुन्हा आहे. मोकाशी म्हणाले, "बाहेर."
हात वर करून मतदान. पुढून मोबाइलवर शूटिंग. विरोधात मी एकटी.
जोशी सरांचा हात वर होता. खूप वर नव्हता. पण होता.

१० फेब्रु.
प्र. आणि मी अंकलसाठी बादल्या वर नेतो, लिफ्टने नाही, कुणी बघू नये म्हणून जिन्याने. सावंतांचं दार आमची चाहूल लागली की बंद होतं.
अंकलचा घरमालक डोंबिवलीचा, तो म्हणतो, मला यात ओढू नका.
अंकलना म्हटलं, काही दिवस मुलीकडे जा. जिना उतरून दमले होते, तरी ताठ बसले. "माझा बाप सिंधमधून आला. त्याला पण गल्लीतल्या लोकांनीच सांगितलं होतं, तू इथला नाही. रोज एकत्र चहा पिणारे लोक. तो निघाला. मी कॅम्पात जन्मलो, मोठा झालो, म्हातारा झालो. अब मैं नहीं निकलता, बेटी. एका घराण्यात एकदा निघणं बस झालं."

१३ फेब्रु.
मुग्धा कॉलेजातून आली, मशीनला लाल दिवा. दोन तास फाटकाबाहेर. मी कंपनीतून सुटून पोचले तेव्हा गणवेशातला एक जण तिला विचारत होता, "मम्मी को समझाती क्यों नहीं?"
मशीन बिघडलं होतं, असं मोकाशी म्हणाले. मुग्धाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले.
कमळाबाई यायच्या बंद. फोनवर: "ताई, माझा पास नाय देत. तुमचंच काम हाय म्हून नाय देत." या वेळी मी हसले नाही, त्याही नाही.

१५ फेब्रु.
मला परत बोलवायचा ठराव. म्हणजे खासदारकी काढून घ्यायची. पुढच्या रविवारी सी बिल्डिंगचं मतदान.
प्र. म्हणाला, "जाऊ दे ना वैशाली. खोटी खासदारकी. देऊन टाक."
खोटी आहे, कबूल. मग पाणी खरं का बंद होतं?
त्याने अंकलसाठी भरलेली बादली उचलली.

१७ फेब्रु.
जोशी सर आले. पहिल्यांदाच बेल न वाजवता, दार बोटाने ठोकून. चहा नको म्हणाले. बराच वेळ मुग्धाच्या अभ्यासाचं विचारत राहिले.
मग: "मी एकटा राहतो गं इथे. रात्री काही झालं तर लिफ्ट लागते मला."
मला राग आला होता, बोलायचंही खूप ठरवलं होतं. त्यांच्या पायातली चप्पल उलटसुलट घातलेली दिसली आणि मी खाली वाकून ती नीट घालून दिली.
जाताना म्हणाले, "मतदान गुप्त घ्यायला लावतो. तेवढं माझ्या हातात आहे अजून."

२२ फेब्रु., रविवार
सरांनी शब्द पाळला. मोकाशींना हात वर हवे होते. सर काठी टेकत मधोमध उभे राहिले आणि वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "चिठ्ठी. नाहीतर मतदान नाही." मोकाशींनी खांदे उडवले.
तांदळाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या. एकेक जण पडद्याआड. सावंत माझ्याकडे न बघता आले, न बघता गेले, पण पडद्याआड बराच वेळ होते.
मोजणी लगेच व्हायची. मोकाशी म्हणाले, उद्या, सर्वांसमोर, माइकवर. डबा त्यांच्या माणसांनी उचलला. सर म्हणाले, "मी डब्यापाशी बसतो." त्यांना हाताला धरून घरी सोडण्यात आलं. "सर, आराम करा."

२३ फेब्रु., सोमवार
फाटकाबाहेर बसून लिहितेय, पर्समध्ये वही होती म्हणून.
अंकल सकाळी कणकेची वाटी घेऊन निघाले. वाट बंद, म्हणून फाटकातून, रस्त्याने लांबून नदीवर. येताना आत घेतलं नाही. "तुमचं कार्ड नाही." मला वरून दिसले, रस्त्याकडेच्या दगडावर बसलेले, डोक्यावर रुमाल. थर्मास घेऊन खाली उतरले. आधी त्यांना चहा दिला. परत आले, कार्ड लावलं.
लाल.
पुन्हा लावलं. गणवेशातला माणूस माझ्याकडे बघेना. ऑफिसला जाणारे लोक बाजूने निघत होते, हिरवा, हिरवा. कुणी थांबलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पाण्याची बाटली माझ्या हातात कोंबली आणि पळत रिक्षात बसल्या.
प्र. आतून जाळीशी आला, म्हणाला, पोलिसांना फोन केलाय, येतो म्हणालेत. मी म्हटलं, तू बाहेर येऊ नकोस. मुग्धा आत आहे.

अंकल म्हणतात, "तू जा बेटी, बहिणीकडे अंबरनाथला जा." मी म्हटलं, तुम्ही? ते हसले नुसते.

आत माइक सुरू झाला. मोकाशींचा आवाज. मग खरखर. मग जोशी सर, चढ्या आवाजात काहीतरी, "...मी स्वतः मोजणार..." आणि माइक बंद.
पुन्हा सुरू. "सी बिल्डिंग." मग वाऱ्याने काही ऐकू येईना. आत कुणीतरी टाळ्या वाजवतंय. एक जण की सगळे, कळत नाही.
आमच्या बाल्कनीत मुग्धा उभी आहे. जोरजोरात हात हलवतेय. ये म्हणतेय की जा म्हणतेय, इथून ओळखता येत नाही.