पाचवी सही

२६ फेब्रुवारी, बुधवार
लीगच्या सेक्रेटरीचं, कॉलिनचं पत्र. लीगच्या शील्डला ह्यांचं नाव देणार. १९ मार्चला शेवटची मॅच झाली की शील्ड माझ्या हस्ते. ‘आम्हा सर्वांच्या वतीने, प्रेमपूर्वक.’ दोनदा वाचलं, ह्यांच्या फोटोसमोर ठेवलं. थोडी रडले. मग मेथी निवडायला घेतली.
सहा छोटी कॉलेजं. तिथल्या मुलांच्या व्हॉलीबॉलला कोण विचारतं? ह्यांनी विचारलं. साधे लॅब टेक्निशियन. व्हॅनमध्ये नेट टाकून इंग्लंडभर फिरले, मिल्टन कीन्स, रीडिंग, ब्रिस्टल. मी शेजारी, मांडीवर डबा आणि नियमांचं पुस्तक. इंग्रजी वाचायला मी त्याच पुस्तकावर शिकले. पुढे लायब्ररीतली पुस्तकं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
डॅनी आला. ह्यांच्या कॉलेजचा कॅप्टन. बूट दारात काढले, आता सांगावं लागत नाही. पोहे घेतले, पण नुसते चिवडत बसला.
“आंटी, नेक्स्ट यर आम्ही लीगमध्ये नाही.”
एका सीझनमध्ये दोन वॉकओव्हर, म्हणजे टीम न उतरल्याने सोडलेल्या दोन मॅच, झाल्या की बाहेर. २२ मार्चला लीगच्या मीटिंगमध्ये फक्त शिक्का मारायचा.
म्हटलं, दोन कुठले? जानेवारीतला एक ठाऊक आहे, चौघं तापाने पडले होते. दुसरा?
पोह्यांची बशी बाजूला ठेवली. मग म्हणाला, “द वेन्सडे. द फ्युनरल.”

२८ फेब्रुवारी
झोप नाही. डॅनीने सांगितलं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर रागात पुढचंमागचं होईल.
नोव्हेंबरातला तो बुधवार, ह्यांच्या अंत्यविधीचा. दुपारी सहांतल्या त्यातल्या त्यात मोठ्या कॉलेजशी मॅच होती, त्यांच्याच हॉलमध्ये. कॉलिन त्यांचा कोच, आणि लीगचा सेक्रेटरीही तोच. डॅनी सकाळी काळा टाय लावून आधी तिथे गेला. का, तर ह्यांनी शिकवलेलं: आधी स्कोअरशीटवर सही, मग बाकी सगळं. न सांगता गैरहजर राहायचं नाही. त्याने सही केली, समोरच्या कॅप्टनने केली. कॉलिन म्हणाला, “गो, लॅड्स. वी’ल रीप्ले इट.” आणि ही मुलं क्रेमॅटोरियमला आली. शवपेटीला खांदा दिला त्यांनी. सहा जण, एका चालीत, एकाचंही पाऊल चुकलं नाही.
सही झाली नसती तर मॅच पुढे ढकललेली धरली असती. दोन्ही सह्या झाल्या आणि टीम कोर्टवर नाही, म्हणजे वॉकओव्हर.
नियम ह्यांचाच. ह्यांच्या अक्षरात आहे, मी फेअर केलेला. फोटोला म्हटलं, तुमचाही राग आला आज. खूप.

२ मार्च, रविवार
कॉलिनला फोन. गोड बोलला. नियम म्हणजे नियम, तुमच्या मिस्टरांनाही हेच आवडलं असतं.
म्हटलं, त्यांना काय आवडलं असतं ते मला सांगू नका. तुम्ही ‘रीप्ले’ म्हणालात की नाही?
“आय मे हॅव सेड समथिंग. इट वॉज अ डिफिकल्ट डे.”
डिफिकल्ट डे! कोणाचा?
खरं कारण मला ठाऊक आहे. आमच्या जिमचं छत बुटकं. बॉल बीमला लागतो, पॉइंट पुन्हा खेळावा लागतो, कॉलिनच्या लोकांना घरी जायला उशीर. यायलाच नको असतं तिथे. आणि शील्डवर नाव मात्र त्याच जिममधल्या माणसाचं.

४ मार्च
सायलीचा फोन, ब्रिस्टलहून. “आई, तू भांडण नको करू. बाबांचा शील्ड मिळतोय ना? एन्जॉय इट.”
तुझ्या बाबांना शील्ड नको होती, म्हटलं. टीम हवी होती.
मग हळूच, “मला पण ते मुलं आठवतात. त्यांचे हात थरथर करत होते.”
माझं लक्ष नव्हतं तेव्हा. पावलांकडेच बघत राहिले होते.

११ मार्च
नोव्हेंबरचा वॉकओव्हर खोडा म्हणून सहाही कॉलेजांना पत्रं टाकली होती. उत्तरं तीन. तिन्हींत माझ्या दुःखाबद्दल सहानुभूती. दुःखाचं नव्हतंच विचारलं मी.

१९ मार्च, बुधवार
मोठ्या कॉ.चा हॉल. शेवटची मॅच, आपली मुलं वि. मोठं कॉ. मोठं कॉ. जिंकलं तर शील्ड त्यांना, नाहीतर ब्रिस्टलवाल्यांना. शेवटच्या मॅचचा स्कोअर दर वर्षी मीच लिहिते. पांढरी साडी नाही नेसले, निळी.
दोन-दोन सेट. पाचव्यात बारा-बारा. आपल्याकडून सर्व्हिसला डॅनी आला. पाळी त्याची नव्हती, शीटप्रमाणे पाच नंबरच्या मुलाची होती. बॉल हाताला लागेपर्यंत स्कोअररने बोलायचं नसतं. लागला. मी बझर दाबला.
पॉइंट गेला. बारा-तेरा. मग बारा-पंधरा.
डॅनीने एकदा माझ्याकडे बघितलं. मान हलवली. बरोबर आहे, अशी.
कॉलिन खुशीत. “व्हेरी फेअर, आंटी. ही वुड बी प्राउड.” मी तुझी आंटी कधीपासून?
शीट पुढे आलं. दोन कॅप्टन, दोन रेफरी, चार सह्या झाल्या. पाचवा चौकोन स्कोअररचा, म्हणजे माझा. टेबलावर शील्ड, त्यावर ह्यांचं नाव, स्पेलिंगसकट बरोबर.
पेनाला टोपण लावलं. म्हटलं, नोव्हेंबरचा वॉकओव्हर खोडा, मी सही करते. शील्ड ठेवा तिथेच.
“यू कान्ट डू दॅट.”
“नियम वाचा,” म्हटलं. “मीच फेअर केलेत.”
शीटची घडी केली, पर्समध्ये टाकली. कोणी अडवलं नाही.

२० मार्च, गुरुवार
शीट डायनिंग टेबलवर, मिठाच्या बरणीखाली. स्कोअररच्या सहीशिवाय निकाल लागत नाही. परवा मीटिंग. कॉलिनचे सकाळपासून चार फोन. बाकी पाचही कॉलेजांची मुलं खोळंबलीत म्हणे माझ्यामुळे. असतीलही. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला लिहू. ब्रिस्टलची मुलं तर पूर्ण निर्दोष.
डॅनीचा मेसेज: “आंटी, आमच्यासाठी नको. इट्स ओके.”
त्याला लिहिलं, तुमच्यासाठी नाही रे. अर्धं खरं.
ह्यांच्या फोटोसमोर बसले जरा. आधी सही, मग बाकी सगळं. ऐकलं तुमचं एवढी वर्षं. या वेळी आधी बाकी सगळं.
शीटवर एकही आकडा खोटा नाही. बझरसुद्धा नोंदवलाय, आपल्याच मुलांविरुद्धचा.
फोन वाजतोय पुन्हा. वाजू दे. आधी चहा टाकते, मग उचलते.